प्लेऑफ गाठणं आणि प्लेऑफ जिंकणं: तिसऱ्या-चौथ्या फळीचा हिशेब

प्रश्न असा आहे: "कॅनडात आल्यापासून आइस हॉकी बघायला लागलो. आमच्या संघाचे ५२ सामने झालेत आणि गुण ५८ आहेत. शेवटच्या वाइल्ड कार्डपासून तीन गुण मागे आहोत. लीगमधले दोन अव्वल फॉरवर्ड आमच्याकडे आहेत, तरी जो तो 'डेप्थ नाही, डेप्थ नाही' म्हणतो. जे खेळाडू सामन्यात आठ-दहा मिनिटं बर्फावर असतात, त्यांनी असा काय फरक पडतो? आम्ही प्लेऑफला जाऊ का? आणि डेडलाइनच्या आधी पहिल्या फेरीचा पिक देऊन तिसऱ्या फळीचा सेंटर घ्यावा का?"

नवख्यांसाठी आधी काही शब्द. लीग म्हणजे एनएचएल (नॅशनल हॉकी लीग). तिचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट म्हणजे कॉन्फरन्स; प्रत्येकीतून आठ संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जातात आणि त्यातल्या शेवटच्या जागा म्हणजे वाइल्ड कार्ड. डेप्थ म्हणजे ताऱ्यांखालच्या खेळाडूंची ताकद. फळी म्हणजे एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड (आक्रमक), आणि सेंटर हा त्यांतला मधला. डेडलाइन म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख, आणि पिक म्हणजे नवे खेळाडू घेण्याच्या वार्षिक ड्राफ्टमधली निवडीची संधी.

तुम्ही संघाचं नाव दिलेलं नाही. त्यामुळे उत्तराचा काही भाग 'तुमचा संघ कुठल्या कॉन्फरन्समध्ये आहे' यावर अडतो, आणि ते मी जिथल्या तिथे सांगेन. पण आधी एक गोष्ट वेगळी काढू. प्लेऑफला पोचणं ही ८२ सामन्यांची परीक्षा आहे. पोचल्यावर जिंकणं म्हणजे चार मालिका, प्रत्येक मालिकेत एकाच प्रतिस्पर्ध्याशी जास्तीत जास्त सात सामने, आणि एकूण १६ विजय. डेप्थ दोन्हीकडे लागते, पण कारणं वेगळी आहेत. डेडलाइनच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच फरकात आहे.

आधी गुणांचं गणित. ५२ सामन्यांत मिळू शकणाऱ्या १०४ गुणांपैकी तुमच्याकडे ५८ आहेत, म्हणजे साधारण ५६ टक्के. हाच वेग राहिला तर हंगामाअखेर ९१-९२ गुण होतात. तेवढे पुरतात का? २०२२-२३ मध्ये पूर्वेत फ्लोरिडा ९२ गुणांवर आत गेला आणि ९१ गुणांवरचा पिट्सबर्ग बाहेर राहिला. २०२४-२५ मध्ये पूर्वेत माँट्रियालला ९१ पुरले. त्याच हंगामात पश्चिमेत मात्र कॅल्गरी ९६ गुण मिळवूनही घरी बसला. आणि २०२१-२२ मध्ये पूर्वेत आत आलेल्या शेवटच्या संघाचे, वॉशिंग्टनचे, १०० गुण होते. म्हणून 'किती गुण लागतात' याला एक आकडा नाही. तुमच्या कॉन्फरन्समध्ये सध्या आठव्या जागेवरचा संघ कुठल्या वेगाने चाललाय तो वेग ८२ सामन्यांपर्यंत ओढायचा आणि त्यात एक-दोन गुण मिळवायचे. हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात पाठलाग करणारे संघ वेग वाढवतात, त्यासाठी एवढी सूट ठेवावी लागते.

समजा रेषा ९१ वर आली. मग उरलेल्या ३० सामन्यांत ३३ गुण हवेत. १५ विजय, १२ पराभव आणि ओव्हरटाइममधले ३ पराभव एवढ्यावर भागतं. म्हणजे आतासारखंच खेळत राहायचं. रेषा ९५ वर गेली तर ३७ गुण हवेत, म्हणजे १७ विजय, १० पराभव, ३ ओव्हरटाइम पराभव. कागदावर फरक दोन सामन्यांचा दिसतो. पण ३० सामन्यांत ३७ हा वेग अख्ख्या हंगामाला लावला तर तो १०१ गुणांचा संघ होतो. ९१ गुणांच्या संघाला तीस सामने १०१ गुणांच्या संघासारखं खेळावं लागेल.

अशक्य नाही. ३० सामन्यांत निव्वळ नशिबाचा हेलकावा पाच गुण इकडे-तिकडे सहज नेतो. तो धरून माझा ढोबळ अंदाज असा: रेषा ९१ ला असेल तर शक्यता निम्मी-निम्मी, ९५ ला असेल तर चारात एक. संकेतस्थळांवर रोज सकाळी बदलणारे टक्के दिसतात तेही याच पद्धतीने येतात. उरलेले सामने संगणकावर हजारो वेळा खेळवून बघतात आणि त्यांतल्या किती वेळा तुमचा संघ आत गेला ते मोजतात.

तीन गुणांची पिछाडी हीसुद्धा दिसते त्यापेक्षा मोठी असते. जिंकणाऱ्याला २ गुण मिळतात, निर्धारित ६० मिनिटांत हरणाऱ्याला शून्य, पण ओव्हरटाइममध्ये किंवा शूटआउटमध्ये हरणाऱ्यालाही १ मिळतो. तुमच्या पुढचे दोन संघ एकमेकांशी खेळले आणि सामना ओव्हरटाइममध्ये गेला, तर त्या रात्री दोघं मिळून तीन गुण घेऊन जातात आणि तुम्ही जिंकूनही एकाच्याच जवळ सरकता. म्हणून पाठलाग करताना दोन गोष्टी बघा. मध्ये किती संघ आहेत? एकाला मागे टाकायचं असेल तर ते त्याच्याशी थेट सामना जिंकून जमतं. चौघांना टाकायचं असेल तर चौघांनीही अडखळायला हवं. आणि तुमचे विजय निर्धारित वेळेत येतायत का? आयपीएलच्या गुणतक्त्यावर नेट रन रेट बघायची सवय असलेल्यांना वाटतं की गुण समान झाले तर गोलफरकावर सुटेल. इथे आधी निर्धारित वेळेतले विजय मोजतात. २०२३-२४ मध्ये वॉशिंग्टन आणि डेट्रॉइट दोघांचे ९१ गुण झाले. वॉशिंग्टनचा गोलफरक उणे ३७ होता, डेट्रॉइटचा त्याहून कितीतरी चांगला, तरी आत गेला वॉशिंग्टन. पुढच्या वर्षी सेंट लुईस आणि कॅल्गरी ९६-९६ वर अडकले, तेव्हाही याच नियमाने सेंट लुईस आत गेला.

आता आठ-दहा मिनिटांचा प्रश्न.

सामन्याला २० जण तयार होतात: १२ फॉरवर्ड, ६ बचावपटू आणि २ गोली (गोलरक्षक). फॉरवर्ड तिघा-तिघांच्या चार फळ्यांत खेळतात, बचावपटूंच्या तीन जोड्या असतात. साठ मिनिटांतून दंडामुळे कमी-जास्त संख्येने खेळली जाणारी मिनिटं वजा केली की पाच-विरुद्ध-पाच खेळ साधारण ४८ मिनिटांचा उरतो. कॉनर मॅकडेव्हिडच्या दर्जाचा फॉरवर्ड सामन्यात २२ मिनिटं खेळला, तर त्यातली चार-पाच मिनिटं पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू दंडामुळे बाहेर असताना) जातात. पाच-विरुद्ध-पाचमध्ये त्याच्या वाट्याला १७ मिनिटं येतात. उरलेली ३१ मिनिटं तो बाकावर बसलेला असतो.

तुमच्याकडे असे दोघं आहेत म्हणता. प्रशिक्षकाने त्यांना वेगवेगळ्या फळ्यांत ठेवलं तर साधारण ३३ मिनिटं दोघांपैकी एकजण बर्फावर असतो आणि ताऱ्यांविना १५ मिनिटं काढावी लागतात. दोघांना एकत्र आणलं की गोल जास्त होतात, पण ताऱ्यांविना ३१ मिनिटं उरतात. एडमंटनमध्ये मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायझाइटलला एकत्र ठेवायचं की वेगळं, हा वाद वर्षानुवर्षं चालण्याचं कारण हेच. तिसरी फळी भरवशाची असेल तर प्रशिक्षकाला दोन्ही पर्याय खुले राहतात. ती नसेल तर एकत्र आणणं हा जुगार होतो.

याची किंमत गुणांत काढता येते. पाच-विरुद्ध-पाच खेळात एक संघ तासाला साधारण अडीच गोल करतो. म्हणजे ताऱ्यांविनाच्या ३१ मिनिटांत दोन्ही बाजूंचे मिळून अडीचच्या थोडे वर गोल होतात. त्यात तुमच्या संघाचा वाटा ५० टक्के असेल तर बरोबरी. ४२ टक्के असेल तर सामन्यामागे ०.४ गोलांचं नुकसान, तीस सामन्यांत १२ गोल. हॉकीच्या हिशेबात ढोबळमानाने तीन गोलांचा फरक म्हणजे गुणतक्त्यावर एक गुण. बारा गोल म्हणजे चार गुण. वर ९१ आणि ९५ मध्ये जो फरक होता तो नेमका चार गुणांचा होता.

यात एक बारकावा आहे. खालच्या फळ्यांनी ताऱ्यांइतके गोल करावेत अशी अपेक्षाच नाही. त्यांनी त्या मिनिटांत बरोबरी राखली तरी त्यांचं काम झालं. चौथ्या फळीच्या एखाद्या खेळाडूचे हंगामात सहाच गोल असतील, पण तो बर्फावर असताना संघ गोल खात नसेल, तर तो उत्तम खेळाडू आहे. त्याचा सहाचा आकडा बघून त्याला नावं ठेवणाऱ्यांनी त्याची मिनिटं बघितलेली नसतात.

ही मिनिटं कुठे हातातून जातात ते टीव्हीवर सहज दिसत नाही, म्हणून एक प्रसंग तपशिलात सांगतो. दुसरं सत्र चालू आहे. सत्र बदललं की संघ बाजू बदलतात, त्यामुळे दुसऱ्या सत्रात तुमचं बाकडं तुमच्या गोलपासून लांब पडतं. एरवी बचाव करता करता बाकावर जाऊन बदली करता येते. आता त्यासाठी अर्धं रिंक पार करावं लागतं. चौथी फळी बर्फावर आहे. साधारण ४५ सेकंदांची शिफ्ट (बर्फावरची एक पाळी) असते, यांची ५० झाली आहे. पक (खेळायची रबरी चकती) ताब्यात येतो, पण तो मधल्या लाल रेषेपलीकडे न्यायला पायात दम नाही, म्हणून खेळाडू रेषेच्या अलीकडूनच पक पलीकडच्या टोकाला फटकावतो. आयसिंग! आता ज्यांनी आयसिंग केलं त्यांना बदली करता येत नाही. समोरचा प्रशिक्षक मात्र आपली पहिली फळी ताजीतवानी उतरवतो. फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं) तुमच्याच गोलसमोर होतो, आणि २०१९-२० पासून तो डावीकडे घ्यायचा की उजवीकडे हेही समोरचा संघ ठरवतो. तुमचा थकलेला सेंटर फेसऑफ हरतो, पक मागे बचावपटूकडे जातो, तिथून फटका, गोलीसमोर गर्दी, गोल. रीप्लेमध्ये दिसतो तो गोली आणि समोरच्या माणसाला मोकळं सोडणारा बचावपटू. चूक झाली होती वीस सेकंद आधी, लाल रेषेच्या दोन पावलं अलीकडे.

चांगला डेप्थ खेळाडू तिथे काय करतो? तो पक भिंतीला लावून पुढे सरकवतो किंवा कसाबसा रेषा ओलांडतो, मगच आत टाकतो आणि सरळ बाकाकडे वळतो. शिफ्ट ४० सेकंदांत संपवतो. गोल नाही, टाळ्या नाहीत, पण पुढची फळी प्रतिस्पर्ध्याच्या टोकात ताज्या पायांनी सुरुवात करते. प्रशिक्षक कुणाला दहाऐवजी तेरा मिनिटं देतो हे बहुतेक अशाच गोष्टींवर ठरतं.

८२ सामन्यांच्या परीक्षेत डेप्थचं आणखी एक काम असतं ते दुखापतींच्या वेळी. पहिल्या जोडीतला बचावपटू दोन आठवडे बाहेर गेला की त्याची २३ मिनिटं कुणालातरी वाटून द्यावी लागतात. सातवा बचावपटू भरवशाचा नसेल तर दुसऱ्याचा भार २७ मिनिटांवर जातो, आणि सलग दोन रात्री सामने असले की दुसऱ्या रात्री तिसऱ्या सत्रात तो उशिरा पोचायला लागतो. दुसऱ्या गोलीचंही तेच. पहिला गोली सगळे सामने खेळू शकत नाही. वीस-पंचवीस सामने दुसऱ्याला द्यावेच लागतात आणि त्यातले बरेच पाठोपाठच्या रात्रींचे असतात. व्हेगसने २०२२-२३ च्या हंगामात पाच गोली वापरले. प्लेऑफ सुरू केले लॉरेंट ब्रॉस्वाने. एडमंटनविरुद्ध तो जखमी झाल्यावर एडिन हिल उतरला आणि त्यानेच विजेतेपदाच्या स्टॅनली करंडकापर्यंत नेलं.

गोलीचा विषय निघालाच आहे तर हेही मान्य करायला हवं. अलीकडच्या हंगामांत लीगची सरासरी बचाव टक्केवारी (गोलीने अडवलेल्या फटक्यांचं प्रमाण) ९० च्या आसपास आहे. तुमचा गोली ८८ वर असेल तर तिसऱ्या फळीची चर्चा आत्ता बाजूला ठेवा. सामन्यात २८ फटके आले तर तो फरक अर्ध्या गोलापेक्षा जास्त पडतो, आणि तेवढं भरून काढणं कुठल्याच सेंटरच्या हातात नाही.

प्लेऑफमध्ये हेच सगळं जास्त तीव्र होतं, कारण समोर तोच संघ दोन आठवडे असतो. तुमच्या ताऱ्यांचा प्रत्येक आवडता पास समोरच्यांनी चित्रफितीत बघितलेला असतो. घरच्या संघाला शेवटची बदली मिळते, म्हणजे पाहुण्यांनी कोण उतरवलं ते बघून घरचा प्रशिक्षक आपली माणसं पाठवतो. घरी खेळताना तुम्ही तुमची दुबळी तिसरी जोडी लपवू शकता. परगावी ती नेमकी त्यांच्या सर्वोत्तम फळीसमोर सापडते. दोन्हीकडच्या पहिल्या फळ्या एकमेकींना बांधून ठेवतात आणि निकाल खाली लागतो. शिवाय प्लेऑफमध्ये शूटआउट नसतं. पहिला गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांची पूर्ण सत्रं चालतात. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ज्यांचे पाय शिल्लक असतात ते बहुतेक वेळा खालच्या फळ्यांतले असतात.

सेंट लुईस ब्लूज २०१९ चं उदाहरण तुमच्यासारख्या पिछाडीवरच्या संघासाठी फार उपयोगी आहे. ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी ते ३७ सामन्यांत ३४ गुणांसह लीगमध्ये तळाला होते. हंगाम संपवला ९९ गुणांवर. जॉर्डन बिनिंग्टन नावाचा नवा गोली मिळाला हे पहिलं कारण, ते लपवायचं नाही. पण प्लेऑफमध्ये प्रशिक्षक क्रेग बेरूबे बार्बाशेव्ह-सुंडक्विस्ट-स्टीन या चौथ्या फळीला प्रतिस्पर्ध्यांच्या अव्वल फळ्यांसमोर बिनधास्त उतरवत होते. त्यातला अलेक्झांडर स्टीन वर्षानुवर्षं वरच्या फळ्यांत खेळलेला. तो खाली उतरून खेळला. दुसऱ्या फेरीत डॅलसविरुद्ध सातवा सामना दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये जिंकून दिला तो पॅट मरूनने. अंतिम मालिकेत बोस्टनविरुद्ध सुंडक्विस्टवर एका सामन्याची बंदी आली, नंतर बार्बाशेव्हवरही. पहिल्या फेरीनंतर बाहेर बसलेला झॅक सॅनफर्ड तिसऱ्या सामन्यापासून आत आला आणि सातव्या सामन्यातला संघाचा चौथा गोल त्याचा होता.

टॅम्पाची गोष्ट लोक अर्धवट सांगतात. २०१८-१९ मध्ये ६२ विजय, १२८ गुण आणि पहिल्याच फेरीत कोलंबसकडून चार-शून्य पराभव. त्या पराभवाचं खापर एकट्या डेप्थवर फोडणं बरोबर नाही. त्यांचा बचावपटू हेडमन जखमी होता, फॉरवर्ड कुचेरोव्हवर एका सामन्याची बंदी आली होती. पण व्यवस्थापनाने पुढच्या फेब्रुवारीत काय केलं ते बघा. ब्लेक कोलमन आणि बार्कले गुड्रो हे दोन खालच्या फळीचे फॉरवर्ड आणले, आणि दोघांसाठीही पहिल्या फेरीचा पिक मोजला. यानी गूर्डबरोबर त्यांची तिसरी फळी झाली. २०२० आणि २०२१ असे दोन करंडक आले. २०२१ च्या उपांत्य मालिकेतला आयलँडर्सविरुद्धचा सातवा सामना १-० असा सुटला. तो एकमेव गोल गूर्डचा, आणि तोही एक खेळाडू कमी असताना केलेला. माँट्रियालविरुद्ध करंडक निश्चित करणारा सामनाही १-० च होता, गोल रॉस कोल्टनचा.

कोलोरॅडोने २०२२ मध्ये सेंट लुईसला बाहेर काढलं ते सहाव्या सामन्यात ५.६ सेकंद शिल्लक असताना डॅरेन हेल्मने केलेल्या गोलावर. हेल्म चौथ्या फळीचा माणूस. त्याच मालिकेत सॅम जिरार्डचं छातीचं हाड मोडलं आणि जॅक जॉन्सनने त्याची जागा घेऊन बचाव टिकवला.

एडमंटनकडे बघितलं तर दोन्ही बाजू दिसतात. २०२४ च्या प्लेऑफमध्ये मॅकडेव्हिडने ४२ गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) केले, हरलेल्या संघात असून प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्मिथ करंडक मिळवला. पण ०-३ वरून अंतिम मालिका ३-३ वर आली त्यात चौथ्या सामन्यात मटियास यानमार्कने आणि पाचव्यात कॉनर ब्राउनने केलेले शॉर्टहँडेड (एक खेळाडू कमी असतानाचे) गोल मोठे होते. त्याआधी डॅलसविरुद्धच्या मालिकेत त्यांच्या पेनल्टी किलने (दंडामुळे खेळाडू कमी असतानाच्या बचावाने) एकही गोल दिला नव्हता, आणि ते काम प्रामुख्याने याच मंडळींचं. २०२५ मध्ये व्हेगसला घरी पाठवणारा ओव्हरटाइम गोल कॅस्पेरी कापानेनचा होता. त्याला नोव्हेंबरमध्ये सेंट लुईसच्या वेव्हर्सवरून (संघाने सोडायला काढलेल्या खेळाडूंच्या यादीतून) फुकटात उचललं होतं. दुसरा गोली कॅल्विन पिकार्डने त्या वसंतात सलग सहा सामने जिंकून दिले. आणि अंतिम मालिकेत ते हरले कुणाकडून? ज्या फ्लोरिडाच्या तिसऱ्या फळीवर लुंडेल आणि लुओस्टारिनेनबरोबर ब्रॅड मार्शँड खेळत होता त्यांच्याकडून. मार्शँडने त्या एका मालिकेत सहा गोल केले. झॅक हायमन जखमी असताना एडमंटनकडे त्या फळीला उत्तर नव्हतं.

यावरून तारे नकोत असा निष्कर्ष काढू नका. वर नाव घेतलेल्या प्रत्येक विजेत्या संघाकडे पहिल्या दर्जाचा बचावपटू किंवा सेंटर होताच. खरी ओढाताण पैशाची आहे. २०२४-२५ मध्ये वेतनमर्यादा ८८ दशलक्ष डॉलर होती. टोरांटोचे मॅथ्यूज, नायलँडर, टावारेस आणि मार्नर या चौघांचे मिळून ४६.६५ दशलक्ष, म्हणजे मर्यादेच्या ५३ टक्के. उरलेल्या १९ जागांसाठी ४१.३५ दशलक्ष उरले: सरासरी २.२ दशलक्षाच्या आत, आणि त्यात दोन्ही गोली आणि सगळे बचावपटू आले. अशा संघाला डेप्थ हवी तर ती स्वस्तात आणि अचूक निवडूनच मिळवावी लागते. तिथे एक चूकही परवडत नाही. त्यात २०२५-२६ पासून प्लेऑफमध्येही मैदानात उतरणाऱ्या वीसजणांचा हिशेब वेतनमर्यादेत बसवावा लागतो. २०२१ मध्ये टॅम्पाचा कुचेरोव्ह अख्खा साखळी हंगाम दुखापतीच्या यादीत होता आणि प्लेऑफला परतला, तेव्हा असं बंधन नव्हतं. आता कमी पगारात पंधरा चोख मिनिटं देणारा खेळाडू आणखी मोलाचा झालाय.

तुमच्या संघाची डेप्थ तुम्ही स्वतः तपासू शकता. नॅचरल स्टॅट ट्रिकसारख्या ठिकाणी दोन्ही तारे बाकावर असतानाची पाच-विरुद्ध-पाच आकडेवारी वेगळी काढता येते. गोलांचा वाटा आणि अपेक्षित गोलांचा (फटक्यांच्या दर्जावरून काढलेल्या) वाटा दोन्ही घ्या, आणि किमान शेवटच्या २५ सामन्यांचे घ्या. पाच सामन्यांवरून काहीच कळत नाही. ४८ टक्क्यांच्या वर असाल तर डेप्थ ठीक आहे, लोक उगाच ओरडतायत. ४५ च्या खाली असाल तर ते बरोबर आहेत. मग एका गोलाच्या फरकाने चाललेल्या सामन्यांत तिसऱ्या बचावजोडीला किती मिनिटं मिळतात ते बघा. एरवी १५ देणारा प्रशिक्षक तेव्हा १० वर येत असेल तर त्याचा त्यांच्यावर विश्वास नाही, मग तो पत्रकार परिषदेत काहीही म्हणो. पेनल्टी किलवर तुमचे तारे दिसत असतील तर तीही खूण आहे: त्या कामाला दुसरं कुणी नाही, आणि तारे दोन मिनिटं फटके अडवून दमतायत.

फसवणारे आकडेही असतात. चौथ्या फळीने दहा सामन्यांत सात गोल केले की सगळे हुरळतात. फटक्यांपैकी किती आत जातात ते आधी बघा. पाच-विरुद्ध-पाचमध्ये संघाची नेमबाजी ८-९ टक्क्यांभोवती राहते; एखाद्या फळीची १८ असेल तर ती खाली येणारच. प्लस-मायनसवर (खेळाडू बर्फावर असताना केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या फरकावर) विसंबू नका, त्यात रिकाम्या गोलवरचे गोल मिसळलेले असतात. आणि धडका मोजणं जवळपास निरर्थक आहे, कारण धडक मारायला पक समोरच्याकडे असावा लागतो.

आता डेडलाइन. ती मार्चच्या सुरुवातीला येते, तेव्हा तुमचे साधारण २० सामने उरलेले असतील. नवा तिसरा सेंटर पाच-विरुद्ध-पाचमध्ये रोज १२ मिनिटं खेळला आणि त्याने त्या मिनिटांतला वाटा ४२ वरून ५० वर नेला (ही फार मोठी सुधारणा झाली), तरी वीस सामन्यांत तीन गोलांचा फरक पडतो. म्हणजे एक गुण. पेनल्टी किल आणि फेसऑफ धरून दीड म्हणा. तीन गुणांच्या पिछाडीवर फक्त आत शिरण्यासाठी पहिल्या फेरीचा पिक मोजावा एवढा हा लाभ नाही. तोच सेंटर प्लेऑफमध्ये, ठरावीक प्रतिस्पर्ध्यासमोर, कितीतरी जास्त कामाचा असतो. पण त्यासाठी आधी आत असावं लागतं.

सेंटरच का, विंगर (कडेचा फॉरवर्ड) का नाही, हेही लक्षात घ्या. आपल्या गोलजवळ बचावपटूंना मदत करायला खाली येतो तो सेंटर, फेसऑफ घेतो तो सेंटर, आणि पेनल्टी किलवरची पहिली जोडीही बहुधा त्याच्यापासून सुरू होते. तिसऱ्या फळीवर विंगर बदलून फार हलत नाही. सेंटर बदलला की फळीच बदलते.

तुमच्या जागी मी असं ठरवेन. साठाव्या सामन्यापर्यंत थांबायचं. तोवर एएचएल या खालच्या लीगमधल्या आपल्या संघातून एक-दोघांना वर आणून बघायचं, कारण डेडलाइननंतर २३ जणांची मर्यादा उठली तरी वर बोलावण्याच्या संख्येवर बंधन येतं. वेव्हर्सवर रोज नजर ठेवायची. साठ सामन्यांनंतर पिछाडी दोन गुणांच्या आत असेल, मध्ये एक किंवा दोनच संघ असतील आणि गोली ९० टक्क्यांच्या वर असेल, तर सेंटर घ्यावा. हंगामाअखेर करार संपणाऱ्या माणसासाठी दुसऱ्या फेरीच्या पिकच्या वर जाऊ नये. पहिल्या फेरीचा पिक द्यायचाच तर पुढच्या हंगामाचाही करार असलेल्यासाठी द्यावा. टॅम्पाने दिला तेव्हा कोलमन १.८ दशलक्षावर आणि गुड्रो ०.९२५ दशलक्षावर आणखी एक वर्ष बांधलेले होते. एका पिकमध्ये त्यांना प्रत्येकी दोन प्लेऑफ मिळाले. पिछाडी पाच-सहा गुणांवर गेली असेल तर पिक जपावा, आणि हंगामाअखेर करार संपणारे आपलेच खेळाडू विकायला काढावेत. त्या स्थितीत तुमचा चौथ्या फळीचा पेनल्टी किल करणारा फॉरवर्डसुद्धा एखाद्या दावेदाराला हवा असतो, आणि तो त्यासाठी तिसऱ्या-चौथ्या फेरीचा पिक सहज देतो.